रातांबा लावायचाय? कलम निवडण्यापासून पहिल्या आमसुलापर्यंत

गावच्या जमिनीत काहीतरी लावायचं असं ठरवून लोक येतात तेव्हा यादीत आंबा असतो, काजू असतो, हल्ली बांबूही असतो. रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, सहसा नसतो. कारण तो "असतोच". बांधावर, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला, देवराईत, घराच्या मागच्या उतारावर कुणीही न लावता वाढलेला. आजीने त्याची आमसुलं केली, आईने केली, पण त्याला कधी कुणी आळं केलं नाही की खत घातलं नाही. म्हणून तो मुद्दाम लावायचा म्हटलं की माहिती विचारायला माणूस सापडत नाही. सगळे सांगतात, "लाव की, येतो आपोआप." येतो हे खरं आहे, पण आपोआप आलेल्या दहा झाडांतली पाचएक फळच देत नाहीत. ज्यांनी पाऊस पडेपर्यंत फळ पिकवलं नाही, त्यांचा माल चिखलात जातो.

हा लेख कोकणात किंवा गोव्याच्या बाजूला थोडी जमीन असलेल्या आणि रातांबा पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी आहे. गोव्यात आणि मालवणात त्याला भिरंड म्हणतात, बाकी ठिकाणी कोकम. वनस्पतीशास्त्रातलं नाव गार्सिनिया इंडिका. झाड मूळ पश्चिम घाटाच्या सदाहरित, निमसदाहरित जंगलातलं आहे, हे एक लक्षात ठेवलंत तर पुढच्या अर्ध्या गोष्टी स्वतःच कळतील: सावली का लागते, पाणी साचलेलं का चालत नाही, वाढ इतकी सावकाश का.

१. आधी आपल्या जागेत काय आहे ते बघा

नवीन कलमं आणण्याआधी एक उन्हाळा जागेत फिरा. जुन्या जमिनीत रातांबा असण्याची शक्यता दाट असते आणि असलेलं मोठं झाड पुढे फार उपयोगी पडतं.

ओळख सोपी आहे. झाड १० ते १५ मीटरपर्यंत जातं, खाली रुंद आणि वर निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या. पानं गर्द हिरवी, तुकतुकीत. कोवळी पालवी तांबूस. पान किंवा डहाळी मोडली की पिवळसर चीक येतो. फळ गोल, लिंबाएवढं किंवा त्याहून मोठं, कच्चं असताना हिरवं, मग लाल आणि पूर्ण पिकल्यावर काळपट जांभळं. आत पांढरट गरात पाच ते आठ बिया.

घोटाळा होतो तो त्याच्या भावंडांशी. गार्सिनियाच्या आणखी काही जाती याच जंगलात असतात. फळाला भोपळ्यासारख्या खोल चिरा आणि पिकल्यावर रंग पिवळा असेल तर ती मलबारी चिंच. केरळात माशात घालतात ती. तीही आंबटच आहे, पण तिच्यापासून आपलं लालभडक आमसूल होत नाही. रातांब्याच्या फळाला चिरा नसतात. क्वचित पिवळ्या फळांचा रातांबाही आढळतो. गावातल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय त्याबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि तोडू तर मुळीच नका.

झाडं राखीव जंगलाच्या हद्दीत असतील तर फळं गोळा करण्यापूर्वी वनरक्षकाला विचारा. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेचे नियम चालतात. "आमचे आजोबा इथूनच आणायचे" हा पुरावा नव्हे.

२. नर की मादी: सगळं इथेच ठरतं

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. काही झाडांवर उभयलिंगी फुलंही येतात, म्हणजे निसर्गाने यात फार कडक शिस्त ठेवलेली नाही. पण व्यवहारात धरून चालायचं ते एवढंच: बीपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि बीपासून वाढलेलं झाड फुलायलाच सात-आठ वर्षं घेतं. तोवर ते नर आहे की मादी, हे डोळ्यांनी कळत नाही.

पानाच्या आकारावरून, सालीवरून, फांदीच्या वळणावरून नर-मादी सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. अगदी आत्मविश्वासाने सांगतील. फुलं येईपर्यंत कुणाचंही ऐकू नका.

फुलं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. तेव्हा झाडाखाली उभं राहून बघा. नर फुलं झुबक्याने येतात, मध्ये पुंकेसरांचा गोळा असतो. मादी फूल एकेकटं किंवा दोन-तीन मिळून असतं आणि मधोमध इवलंसं हिरवं फळ आधीच बसलेलं दिसतं, तो अंडाशय. एकदा पाहिलंत की पुन्हा चूक होत नाही. जुन्या झाडांवर याच दिवसांत चुना किंवा रंगाने खूण करून ठेवा, कारण मेमध्ये फळं दिसतील ती मादी हे कळेल, पण फळ न आलेलं प्रत्येक झाड नरच असेल असं नाही. एखाद्या वर्षी मादी झाडही विसावा घेतं.

मग नर झाडं तोडायची का? अजिबात नाही. परागीकरणाला ती लागतात. नव्या बागेत दहा टक्के नर आणि बाकी मादी असा हिशेब धरतात. तुमच्या बांधावर किंवा शेजारच्या जंगलात जुने नर असतील तर वेगळे लावण्याची गरज कमी होते. जुने नर खूपच जास्त असतील तर त्यांतल्या काहींवर मादी झाडाच्या काड्यांची कलमं बांधून घेता येतात. हे काम मात्र हात बसलेल्या कलमकऱ्याचं. व्हिडिओ बघून पहिल्याच फटक्यात करायला जाऊ नका.

३. कलम घेताना

वरचं वाचल्यावर उत्तर उघड आहे: कलमं घ्या, रोपं नकोत. रातांब्याची कलमं मृदकाष्ठ पद्धतीने करतात: बीपासून वाढवलेल्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर चांगल्या मादी झाडाची काडी बांधायची. अशी झाडं चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ द्यायला लागतात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दोन जाती दिल्या आहेत. १९९७ मध्ये आलेली कोकण अमृता, आणि २००६ मध्ये आलेली कोकण हातीस. अमृताचं फळ मध्यम, साल जाड, आणि पावसाआधी बराचसा माल हाती येतो. हातीसचं फळ दांडगं, ९० ग्रॅमच्या आसपास. फळाचा आकार बघून लोक हातीसकडे धावतात. माझं मत विचाराल तर पहिल्या लागवडीत अमृता जास्त ठेवा. मोठं फळ फोडायला बरं, पण आमसुलाचं गणित फळाच्या आकारावर नाही, ते पावसाच्या आधी पिकण्यावर आहे.

रोपवाटिकेत गेल्यावर हे तपासा:

- कलमाचा सांधा स्पष्ट दिसतोय का. सांधाच नसेल तर ते रोप आहे, कलमाच्या भावाने विकलेलं. ही फसवणूक रस्त्याकडेच्या टेम्पोवर सर्रास चालते.
- सांध्याची प्लॅस्टिकची पट्टी किती जुनी आहे. खोडात रुतली असेल तर ते कलम घेऊ नका.
- सांध्याच्या खाली फुटवे आहेत का, आणि वरची काडी जिवंत आहे का. कधी कधी वरची काडी मेलेली असते आणि खालच्या खुंटाचीच (ज्यावर काडी बांधली त्या रोपाचीच) हिरवी पानं डुलत असतात.
- काडी कोणत्या फांदीवरून घेतली. हा प्रश्न विचारल्यावर रोपवाटिकेवाला थोडा सावध होईल. सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची काडी असेल तर झाड सरळ उभं वाढतं. आडव्या फांदीची काडी असेल तर झाड कायम आडवं, जमिनीसरपट पसरतं. दुसरा प्रकार वाईट असं नाही, फळं हाताशी येतात. पण त्याला जागा जास्त लागते आणि सुरुवातीला आधार द्यावा लागतो. तुमच्याकडे काय येतंय हे माहीत असलं की झालं.
- नर कलमं वेगळी मागून घ्या आणि पिशवीवर तिथेच खूण करा. घरी येईपर्यंत सगळी सारखी दिसायला लागतात.

पावती घ्या, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या. अनुदान घेणार असाल तर ही पावती लागतेच.

बीपासूनच करायचं असेल, खुंट म्हणून किंवा हौस म्हणून, तर बी ताजीच लावा. रातांब्याचं बी वाळलं की उगवण्याची ताकद गमावतं. डब्यात वर्षभर जपून ठेवलेलं बी लावून वाट बघत बसणारे भेटतात. गर धुऊन काढा आणि लगेच पिशवीत घाला.

४. कागदपत्रं (अनुदान हवं असेल तर)

दोन-चार झाडं लावायची असतील तर हा भाग सोडून द्या.

महाराष्ट्रात फळबाग लागवडीच्या दोन योजनांत कोकम बसतं. जॉबकार्ड असलेल्यांसाठी रोजगार हमी योजनेतली लागवड, आणि तिथे बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. दुसरीत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं हप्त्यांनी मिळतं आणि पुढचा हप्ता जिवंत झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्जाआधी कृषी सहायकांना भेटाच.

हे तयार ठेवा:

- सातबारा आणि आठ-अ, चालू वर्षाचे
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
- शेतकरी ओळख क्रमांक
- सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमतीपत्रं
- अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला
- रोहयोतून करत असाल तर जॉबकार्ड

यादीतली चौथी ओळ कोकणात सगळ्यात जड जाते. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यांतले निम्मे मुंबई-ठाण्यात, दोघे-तिघे हयात नाहीत आणि वारस नोंद झालेली नाही. संमतीपत्राचा कागद छापून तयार ठेवा आणि गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी आले की सह्या घ्या. फोनवर "हो हो, पाठवतो" म्हणणाऱ्यांवर विसंबून राहिलात तर पावसाळा निघून जातो. मयत व्यक्तीच्या वारसांची नोंद आधी तलाठ्याकडे लावा. तिला वेळ लागतो.

सापळा एकच पण मोठा: कृषी विभागाची पूर्वसंमती मिळण्याआधी खड्डे मारू नका, कलमं लावू नका. आधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. कलमंही शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच हवीत.

लावून झाल्यावर ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा. पुढे विमा असो की नुकसानभरपाई, सातबाऱ्यावर झाड दिसलं पाहिजे.

५. जागा, खड्डे, लावणी

रातांब्याला कातळावरची उघडी, तापणारी जागा आवडत नाही. निचरा होणारी तांबडी जमीन, थोडा उतार, सकाळचं ऊन आणि दुपारी काहीशी सावली, ही त्याची आवडती जागा. नारळ-पोफळीच्या बागेत तो छान जमतो. चार नारळांच्या मधोमध एक रातांबा बसतो. पाणी साचणारी खलाटी (सखल जमीन) मात्र टाळा.

स्वतंत्र बाग करायची तर दोन झाडांत ६ मीटर अंतर. या हिशेबाने हेक्टरी २७७ झाडं बसतात, एकराला ११२. लोक मोकळी जागा बघून अंतर कमी करतात आणि दहाव्या वर्षी फांद्या एकमेकांत घुसल्या की कोयता काढतात. रातांबा सावकाश वाढतो म्हणून फसगत होते. मधल्या जागेत पहिली काही वर्षं हळद, सुरण, भाजी काहीही घ्या.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. काही दिवस तापू द्या. भरताना वरची चांगली माती, घमेलंभर कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट. वाळवी असलेल्या जागेत पालापाचोळा न कुजलेला घालू नका, तीच वाळवीला मेजवानी ठरते.

लावणी पाऊस नीट सुरू झाल्यावर. पिशवी ब्लेडने कापा, ओढून काढू नका. मातीचा गोळा फुटला की मुळं उघडी पडतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याची पट्टी सोडली का बघा. बाजूला बांबूची काठी रोवून सैल बांधा. नर कलमं बागेत विखरून लावा, एका कोपऱ्यात नव्हे.

लागणारी हत्यारं: पिकाव, फावडं, घमेलं, दोरी आणि आखणीच्या खुंट्या, धारदार कात्री, बांबूच्या काठ्या, सुतळी. बस.

६. पहिली चार वर्षं

पहिल्या उन्हाळ्यात कलमं मरतात. पावसात लावलेली, दिवाळीत तरारलेली झाडं मार्चनंतर करपतात. म्हणून जानेवारी संपायच्या आत प्रत्येक कलमावर सावली करा: झावळ्या, गवताचा मांडव, शेडनेट, जे असेल ते. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून किमान एकदा पाणी. मुंबईत राहून गावी बाग करणाऱ्यांनी पाण्याची जबाबदारी कोणाची, हे लावण्याआधी ठरवावं, नंतर नव्हे.

दुसरं काम खुंटावरचे फुटवे काढण्याचं. सांध्याच्या खालून जे येईल ते कापायचं, दर महिन्या-दीड महिन्याने. खालचा फुटवा जोमदार असतो आणि नवख्याला वाटतं झाड काय मस्त फुटलंय. तो फुटवा म्हणजे बीचं झाड, कदाचित नर. दोन वर्षं दुर्लक्ष केलंत तर वरचं कलम मरून खुंट राहतो आणि तुमची सगळी निवड पाण्यात.

खत: पहिल्या वर्षी झाडाला २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. पुढे तेच कायम. नत्र म्हणजे युरिया नव्हे, युरियात नत्र ४६ टक्के असतं. पिशवीवर वाचून हिशेब करा. रातांब्याला रोग-किडीचा जाच आंब्याच्या मानाने फारच थोडा. फवारणीचं वेळापत्रक विकायला कुणी आला तर चहा देऊन पाठवा.

७. फळं काढणं

फळं एप्रिलपासून पिकायला लागतात आणि जूनपर्यंत चालतात. सगळी एकदम पिकत नाहीत, त्यामुळे एकाच झाडाखाली चार-पाच वेळा जावं लागतं. आमसुलासाठी फळ पूर्ण पिकलेलं, काळपट लाल हवं, पण टणक. अर्धवट लाल फळाला ना रंग येतो ना सालीला भरणा.

झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या) काढा. झाड हलवून पाडलेली फळं फुटतात, त्यांना माती लागते, आणि माती लागलेली साल कितीही धुतली तरी आमसुलात कचकच राहते. झाडावर चढायचं असेल तर जपून, फांद्या ठिसूळ असतात. माकडांचा वाटा धरूनच चला.

काढलेलं फळ आठवडाभर टिकतं, पण ढीग करून ठेवू नका. तळातली फळं दबून आंबतात.

८. आमसूल

साहित्य: स्टीलची सुरी, स्टील किंवा काचेची अथवा चिनी मातीची भांडी, जाडं मीठ, स्वच्छ सुती कापड किंवा बांबूच्या चटया, आणि सलग सात-आठ दिवसांचं कडक ऊन. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, लोखंड यांतलं काहीही वापरू नका. रातांब्यात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर असतं. ते धातूला खातं आणि मालाला कळकट चव येते. गॅल्वनाइझ्ड पत्र्यावर साली वाळवणारेही दिसतात. तेही नको. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, नाहीतर रात्रभर चुरचुरेल. कपडे जुने घाला, तो डाग जात नाही.

१. फळं धुवा, पुसा, पूर्ण कोरडी करा.

२. मधोमध कापून दोन वाट्या करा. गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्यात. फळाच्या वजनात सालीचा वाटा साधारण निम्मा.

३. गर-बियांच्या भांड्यात किलोला १०० ग्रॅमच्या आसपास मीठ घालून ढवळा. तासाभरात लालसर रस सुटतो. हा रस म्हणजे आमसुलाचा प्राण, टाकून देऊ नका.

४. साली आतली बाजू वर करून उन्हात पसरा. एकावर एक नकोत.

५. संध्याकाळी, दव पडायच्या आत, साली गोळा करून त्या रसात बुडवा. रात्रभर मुरू द्या.

६. सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं चार ते सहा वेळा, रस संपत येईपर्यंत. याला पुटं देणं म्हणतात आणि आमसुलाचा काळेभोर लाल रंग, आंबटपणा, लवचिकपणा सगळं या पुटांतून येतं.

७. शेवटच्या पुटानंतर दोन दिवस नुसतं ऊन. साल दुमडली तर मोडू नये आणि दाबली तर बोटाला ओल लागू नये, की झालं.

८. पूर्ण गार झाल्यावर बरणीत. गरम भरलंत तर झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते.

नवखा माणूस सहाव्या पायरीत कंटाळतो. दोन पुटांवर थांबून साली कडकडीत वाळवून टाकतो. अशी आमसुलं टिकतात, पण आमटीत चार घातली तरी आंबटपणा येत नाही. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळशा आमसुलांची गोष्ट हीच आहे. उलट काही ठिकाणी वजन वाढवायला मीठ इतकं फासलेलं असतं की सालीवर पांढरे खडे दिसतात.

आता पावसाचं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आभाळ भरून यायला लागतं. साली अर्धवट वाळलेल्या असताना दोन दिवस ऊन गेलं तर ढिगात ऊब धरून पांढरी बुरशी येते. साली आत आणल्या तर पंख्याखाली पातळ पसरा, गोणीत भरू नका. माल मोठा असेल तर सौर वाळवणी यंत्र किंवा पॉलिथिनचा बोगदा फायद्याचा ठरतो. पण घरगुती प्रमाणात मी सांगेन तो नियम साधा आहे: ऊन आहे तोवर आमसूल, आभाळ आलं की आगळ (खारवलेला रस). उशिरा पिकलेल्या फळांवर उन्हाची आशा धरून बसू नका.

९. आगळ आणि अमृत कोकम

आगळ म्हणजे खारवलेला रस, सोलकढीसाठी. ताज्या साली (हव्या तर गरासकट), किलोला १५० ते २०० ग्रॅम मीठ, झाकून ठेवा, रोज लाकडी पळीने ढवळा. आठवड्याने गाळून काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. उकळायचं नाही, पाण्याचा थेंब नाही. वर्षभर टिकते.

अमृत कोकम म्हणजे सरबताचा पाक. एक किलो साली, दोन किलो साखर, बरणीत एकाआड एक थर, सगळ्यात वर साखर. रोज हलवा. आठवड्याने साखर विरघळून गडद पाक होतो, तो गाळा, जिरेपूड आणि चवीला मीठ घाला. पिताना एकाला पाच-सहा भाग पाणी. साखर कमी केलीत तर पाक आंबतो; "आमच्याकडे गोड कमी खातात" हे कारण इथे चालत नाही, पिताना पाणी वाढवा. गाळून उरलेल्या साली फेकू नका, मुलं गोळ्यांसारख्या खातात.

दोन्ही बाटल्या अंधारात ठेवा. हा लाल रंग ॲन्थोसायनिनचा, उजेडात आणि उष्णतेत तो तपकिरी पडतो. खिडकीत मांडलेल्या सुंदर लाल बाटल्या दोन महिन्यांत चहासारख्या दिसायला लागतात.

१०. बिया

रस संपल्यावर उरलेल्या बिया धुऊन खडखडीत वाळवा. पावसाळ्यात सवड मिळाली की फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी गार झाल्यावर गोळा करून मुठीत वळतात. तेच कोकमतेल. खोलीच्या तापमानाला घट्ट असतं, चाळिसेक अंशांना वितळतं. भेगा पडलेल्या टाचांना याहून बरं काही नाही. पहिल्या वर्षी पाच-दहा किलो बियांसाठी हा खटाटोप करू नका. वाळलेल्या बिया विकत घेणारे व्यापारी असतात.

११. विकायचं असेल तर

घरच्यांना आणि शेजाऱ्यांना देण्यापलीकडे गेलात की अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाची मूलभूत नोंदणी प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर होते. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा हाताशी ठेवा. लेबलवर घटक, मिठाचं किंवा साखरेचं प्रमाण, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, नोंदणी क्रमांक हे सगळं हवं. सोडियम बेंझोएट घातलं असेल तर तेही छापा आणि मर्यादेत घाला.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. पण जमीन त्या जिल्ह्यांत आहे म्हणून मानांकनाचं चिन्ह पाकिटावर छापता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

ताजी फळं विकण्याचा मोह होतो, कारण मेहनत नाही. हंगामात सगळ्यांचीच फळं एकदम येतात आणि भाव व्यापारी ठरवतो. आमसूल वर्षभर थांबू शकतं. गौरी-गणपतीच्या आधी आणि पुन्हा मार्चच्या सुमारास मागणी चढते, तेव्हा काढा. आणि दरवर्षी थोडं मागे ठेवा, जुनं आमसूल काळं पडतं तरी आंबटपणा सोडत नाही. माशाच्या कढीला तर कित्येक घरांत मुद्दाम जुनंच मागतात.